रेकॉर्डरचा डबा : विकत की भाड्याने?

आमच्या अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, टीव्हीवरचे मुशायरे फार आवडतात. पण मुशायरा लागतो नेमका इशाच्या वेळी आणि जमात ते चुकवत नाहीत. "नंतर मोबाइलवर पाहा" म्हटले तर म्हणतात, "बेटा, एवढ्याशा काचेत शायर दिसतो का?" तेव्हा मुलाने सुचवले, कार्यक्रम आपोआप टिपून ठेवणारा सेट-टॉप बॉक्स, म्हणजे डीव्हीआर, घेऊ या.

परळच्या आमच्या केबलवाल्याने दोन भाव सांगितले. विकत 6,000 रुपये. भाड्याने महिना 150 आणि 1,000 अनामत. अनामत परत मिळणार आणि वाहिन्यांचे पैसे दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते बाजूला ठेवले. 6,000 भागिले 150, म्हणजे 40 महिने. "तीन वर्षे चार महिन्यांच्या पुढे वापरला तर विकतचा स्वस्त," मुलगा म्हणाला. गणित बरोबर होते, पण विकत घेतलेली वस्तू खरेच आपली होते का, हे त्यात नव्हते.

ऑक्टोबर 2012 अखेर मुंबईत डिजिटल केबल सक्तीची झाली आणि घरोघर डबे आले. कंपनी बदलली की जुना डबा बिनकामाचा. आमच्या माळ्यावर असे दोन पडून आहेत. लॅमिंग्टन रोडवर विचारले, तर दुकानदार नुसता हसला. कोणताही डबा कोणत्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस ट्रायने 2020 मध्ये केली, पण आमच्या गल्लीत तरी तसे काही दिसत नाही. शिवाय टिपलेले कार्यक्रम सहसा त्याच डब्यावर दिसतात. डबा गेला की मुशायरेही गेले. म्हणजे 6,000 देऊनही दोरी दुसऱ्याच्याच हातात.

भाड्याची आपल्याला सवय आहे. माझ्या लहानपणी चाळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणत. सकाळी परत केला की कुणाचे देणे उरत नसे.

इथे मात्र पावतीवर बारीक अक्षरात होते : दुरुस्तीचा खर्च ग्राहकाचा. मी तिथेच थांबले. विक्री झाली की वस्तू आपली आणि तिची जोखीमही आपली. इजाऱ्यात वस्तू मालकाचीच राहते; आपल्या हयगयीशिवाय ती बिघडली, तर भुर्दंड मालकाने सोसायचा. भाडे घ्यायचे आणि बिघाडही आपल्या माथी मारायचा, हे कसे? केबलवाला म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी विचारलंच नाही." ती ओळ त्याने खोडली, खाली सही केली आणि अनामत किती दिवसांत परत देणार तेही लिहून दिले. सूरह बकराच्या 282व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवायला सांगितले आहे; हजार रुपयांसाठी कागद मागायला मी तरी लाजत नाही.

हप्त्यांचाही एक पर्याय होता, "बिनव्याजी". हप्त्यांची बेरीज केली तर 6,740 आली. वरचे 740 कशाचे, असे विचारल्यावर तो विषयच मिटला.

सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतला. अब्बांना बटणे दोन दिवसांत जमली. आता मेमरी भरत आली आहे आणि ते एकही मुशायरा पुसू देत नाहीत.