रस्ता कोणाचा?

उत्सव म्हटला की कोणाला वर्गणीची पावती आठवते, कोणाला लाऊडस्पीकर. आम्ही पडलो कारकून. आम्हाला आधी दिसतो तो जमाखर्च. आज लंडनमधल्या एका उत्सवाचा जमाखर्च आम्ही तुमच्यापुढे मांडतो.

लंडनच्या नॉटिंग हिल भागात दरवर्षी ऑगस्टअखेर रविवारी आणि सोमवारी कॅरिबियन लोकांचा कार्निव्हल भरतो. पिसांचे मुकुट घालून नाचणारे ताफे, तेलाच्या पिंपांपासून घडवलेली स्टीलपॅन वाद्ये, गल्लीच्या तोंडाशी रचलेले स्पीकर आणि निखाऱ्यावर भाजलेले तिखट चिकन! दोन दिवसांत दहा लाखांहून जास्त माणसे येतात. हा उत्सव रस्त्यावरून उचलून एखाद्या मोठ्या बागेत न्यावा, असे काहींचे म्हणणे आहे. प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला हात कमी पडत होते. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसे उतरली, मागून आणखी हजारो आली. त्यांनी बस चालवल्या, रेल्वेत राबले, इस्पितळांत रुग्णांची सेवा केली. पण राहायला खोली मागितली की दार बंद! नॉटिंग हिलच्या पडक्या घरांत भरमसाट भाडे देऊन त्यांनी संसार थाटले. १९५८ साली गोऱ्या टोळ्यांनी तिथेच त्यांच्यावर हल्ले केले. मे १९५९ मध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिगाच्या सुताराचा भर रस्त्यात खून झाला. त्या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

या दहशतीला उत्तर दिले एका बाईने. क्लॉडिया जोन्स त्रिनिदादमध्ये जन्मल्या, अमेरिकेत वाढल्या. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने त्यांना हद्दपार केले. लंडनला येऊन त्यांनी 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे पत्र काढले आणि जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. त्या उत्पन्नाचा काही भाग दंगलीत दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या तरुणांचा दंड भरण्यासाठी ठेवला होता. गोऱ्या तरुणांचाही! वाचकहो, हे मन किती मोठे असेल!

पुढे १९६६ साली समाजसेविका रोन लॅस्लेट यांनी वस्तीतल्या मुलांसाठी उत्सव भरवला. रसेल हेंडरसन यांचे स्टीलबँड पथक वाजवत रस्त्याने चालू लागले आणि लोक मागे निघाले. मिरवणूक अशी रस्त्यावर आली. १९७३ पासून लेस्ली पामर यांनी तिला आजचे मोठे रूप दिले. १९७६ साली सुमारे ३ हजार पोलीस उभे केले गेले आणि मोठी चकमक झाली. तेव्हापासून 'हलवा हलवा' हा धोशा अधूनमधून चालूच आहे.

दरम्यान शहर बदलले. त्याच पडक्या घरांची किंमत आज लाखो पौंड आहे. अनेक जुनी कुटुंबे भाडे परवडेना म्हणून दूर गेली. कार्निव्हल आला की नवे घरमालक दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतात.

त्यांची तक्रार सगळीच खोटी नाही, हेही आम्ही सांगितले पाहिजे. गल्ल्या अरुंद आहेत. चेंगराचेंगरीचा इशारा पोलिसांनी वारंवार दिला आहे. २०२४ साली मुलीसोबत आलेल्या एका आईला भोसकले गेले आणि ती दगावली. अशा मरणापुढे कोणताही अभिमान मिरवता येत नाही.

मग उपाय कोणता? बागेत नेले की कुंपण येते, कुंपणाला फाटक येते आणि फाटकावर एक दिवस तिकीट येते. गरिबाचा उत्सव गरिबालाच विकत घ्यावा लागतो. शिवाय रस्त्याला आठवण असते, भाड्याच्या मैदानाला नसते. जून २०१७ मध्ये याच भागात ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे मेली. त्यानंतरच्या कार्निव्हलमध्ये नाचणारी गर्दी दुपारी ३ वाजता स्तब्ध उभी राहिली. ते मौन दुसऱ्या कुठल्या बागेत पाळले असते, तर त्याला तोच अर्थ राहिला असता का?

आता आमचा रकाना. २००३ च्या एका सरकारी अहवालाने हिशेब केला की कार्निव्हलमुळे लंडनच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ९ कोटी ३० लाख पौंडांची भर पडते. आणि २०२५ साली सुरक्षिततेसाठी पैसा कमी पडला, तेव्हा आयोजकांना हात पसरावे लागले. दोन स्थानिक कौन्सिले आणि महापौर यांनी मिळून ९ लाख ५८ हजार पौंड दिले, तेव्हा कुठे उत्सव पार पडला. कमाई सगळ्या शहराची आणि दरवर्षीची याचना आयोजकांची! हा कुठला हिशेब?

आमच्या मते पैसा चार-पाच वर्षांसाठी आधीच बांधून द्यावा. गर्दी आवरणारे स्वयंसेवक वर्षभर तयार करावेत. मुलांना स्टीलपॅन आणि पोशाखाची कला शिकायला परवडणाऱ्या जागा राखाव्यात. आणि निर्णयाच्या टेबलावर ज्यांनी उत्सव उभा केला त्यांची नातवंडे बसलेली असावीत.

घरात मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. जिथे एका सुताराला मारले, त्याच भागात लोक नाचायला उतरले. तो रस्ता त्यांना कोणी बक्षीस दिलेला नाही.