दीड हजारात लेकरू धरलेलं नाही

तापीकाठावरून

वेचणीला बाई मिळत नाही, याचं खापर लाडकी बहीण योजनेवर फोडणारा फोन या आठवड्यातही आला. फोन करणारे बागायतदार आहेत. पपई आणि कापूस दोन्ही करतात, हा स्तंभ नेमाने वाचतात आणि नेमाने रागावतात. "भाऊ, तुम्ही एकट्या बायांना सरकारने पैसे द्यावेत म्हणून लिहिता. दीड हजार घरबसल्या मिळायला लागले तेव्हापासून बाई शेतात पाय ठेवीना. अजून द्या, म्हणजे आम्हीच शेत विकून सुरतेला जातो."

जायला हरकत नाही. आपल्याकडच्या वेचणाऱ्या बाया त्यांना तिकडेच भेटतील. मजुरी जिकडे जास्त, तिकडे पिकअप भरून माणसं जातात. ही गोष्ट लाडकी बहीण जन्मायच्या कितीतरी आधीची आहे. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपये मिळतात म्हणून दिवसभराची मजुरी सोडून ओट्यावर बसलेली बाई कुणी दाखवलीच, तर मी तिचा हिशेब या जागेवर छापीन. आणि घरबसल्या पैशाचंच म्हणत असाल, तर आमच्या या बागायतदारांना पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार मिळतात. महिन्याला हजार रुपये झाले. त्याने ते आळशी झाले, असं मी कधी लिहिलेलं नाही. त्यांना दरवर्षी तहसीलमध्ये उभं राहून मी गरीब आहे, असा कागदही काढावा लागत नाही.

तो कागद ज्यांना काढावा लागतो, त्यांच्याबद्दल बोलू.

एकट्या पालकाच्या गरीब घराला सरकारने पैसे द्यावेत का, हा वाद महाराष्ट्रात १९८० सालीच संपायला हवा होता. त्या साली संजय गांधी निराधार योजना आली आणि विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता यांना महिन्याला ठरावीक रक्कम देणं सरकारने मान्य केलं. तेव्हा द्यायचं की नाही, हा आता प्रश्नच नाही. देताना कोणाकडे कुठल्या नजरेने बघायचं, एवढा उरला आहे. आणि तो बघायला अहवाल लागत नाहीत. दोन योजना शेजारी ठेवल्या की पुरे.

२०१९ साली निराधारची रक्कम हजार रुपये झाली. त्या वेळी कुणा भल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली असावी: विधवेच्या पदरात मूल असेल तर तिचा खर्च जास्त. म्हणून एक अपत्य असेल तर अकराशे, दोन असतील तर बाराशे. शंभर रुपयांत लेकराचं काय होतं, असं कुणी विचारेल. होत काहीच नाही. पण लेकरू आहे, त्याला पोट आहे, एवढं तरी सरकारच्या वहीत लिहिलं गेलं होतं. २०२३ च्या जुलैत रक्कम वाढली आणि सगळ्यांना सरसकट पंधराशे झाले. टाळ्या वाजल्या. म्हणजे एकटीला पाचशेची वाढ, एका मुलाच्या आईला चारशेची आणि दोन मुलांच्या आईला तीनशेची. जितकी तोंडं जास्त, तितकी वाढ कमी. वहीतलं लेकरू खोडलं गेलं आणि सभागृहात कुणाच्या ते लक्षात आलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, २८ जून २०२४ ला, लाडकी बहीण आली. तीही पंधराशेचीच. नवरा कमावता, सासरा कमावता, घरात दुचाकी, तरी अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असेल तर पंधराशे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. त्या बाईला पैसे मिळू नयेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. मिळावेत, तिच्या हातात पैसा कधी नव्हताच. पण शेजारच्या झोपडीत नवरा वारलेली, दोन पोरं पदरात असलेली बाई आहे. तिच्या निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा किती? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर वर्षाला एकवीस हजार. आणि ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची! आजची तरुण विधवा तेव्हा बालवाडीत होती.

एकवीस हजार जरा मोजून बघा. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सदुसष्ट दिवस काम केलं तर ती निराधार. अडुसष्टाव्या दिवशी टोपली उचलली की कागदोपत्री तिला आधार मिळाला! सरकारनेच तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस तिने भरले असते, तर ३१,२०० झाले असते आणि ती योजनेतून बाहेर. म्हणजे सरकारने एक वचन पूर्ण पाळलं की दुसरं आपोआप मोडतं. रोजगार हमी देशाला शिकवणारं राज्य हे. म्हणूनच तालुक्यात कुणाचाही दाखला बघा, उत्पन्न एकवीस हजारांच्या आतच बसवलेलं असतं. तलाठ्याला ठाऊक, तहसीलला ठाऊक, बाईला ठाऊक. मदत देण्याच्या पहिल्याच दिवशी आपण तिला खोटं बोलायला लावतो आणि मग गावातले शहाणे म्हणतात, या योजनांत सगळे बोगस.

कुणी म्हणेल, मग तिने निराधार सोडावी आणि लाडकी बहीण घ्यावी, पैसे तेवढेच. अगदी बरोबर, आणि त्यातच सगळं आलं. नवरा असणारी आणि नसणारी, पोरं असणारी आणि नसणारी, दोघींचा दर एक. फक्त एकीला बारा पट गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं. दोन्ही घेऊ नयेत, असा नियम आहे. म्हणून लाडकी बहीणची छाननी सुरू झाली तेव्हा पहिल्याच फटक्यात सुमारे पाच लाख नावं उडाली आणि त्यांतली २ लाख ३० हजार संजय गांधी निराधारच्या बायांची होती. चौदा हजारांवर पुरुष लाडक्या बहिणी म्हणून पैसे उचलत होते, हे त्यानंतर काही महिन्यांनी उजेडात आलं. मिशा दिसायला वेळ लागला. निराधार बाई मात्र लगेच दिसली.

फोनवाल्या बागायतदारांचा दुसरा मुद्दा जरा बरा होता. गरीब तर नवरा-बायको दोघं असलेलं घरही आहे, मग एकटीचं कौतुक का? याचं उत्तर त्यांनी आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमालाच विचारावं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. कोयता म्हणजे जोडपं: एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधून वाहायची. उचल मिळते ती कोयत्याला. नवरा गेलेली बाई म्हणजे अर्धा कोयता. तिला उचल कमी, नाहीतर नाहीच. भाऊ किंवा दीर सोबत यायला तयार असेल तर टोळीत जागा. पोरं कुणाकडे टाकायची, हा प्रश्न वेगळाच. दोघांच्या घरात एक आजारी पडला तर दुसरा कामावर जातो. तिच्या घरात पोर तापलं की त्या दिवशीची चूल बंद. बाजाराने तिला अर्धी ठरवलंच आहे. सरकारने तरी तिला पूर्ण मोजावं, एवढंच मागणं आहे.

पण सरकारी अर्जालाही जोडीदार लागतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला गेला. देशातलं पहिलं आधार वाटप २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत झालं. पंतप्रधान आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. प्रत्येक माणसाची स्वतंत्र ओळख, असं तेव्हा ऐकलं होतं. पंधरा वर्षांनी त्याच तालुक्यातल्या बाईची स्वतंत्र ओळख नवऱ्याच्या ओटीपीवर अडकली. ओरड झाल्यावर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर नेली आणि नवरा-बाप दोन्ही नसतील त्यांना मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्यायला सांगितलं.

हे मुंबईत बसून ठीक वाटतं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दहातली जवळपास सात माणसं आदिवासी आहेत. भिल्ल-पावरा समाजात काडीमोड पंचांपुढे होते. देणं-घेणं फिटतं, दोघं मोकळी होतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण त्यातल्याच कलम २(२) प्रमाणे तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे कायद्यानेच तिला कौटुंबिक न्यायालयाच्या त्या वाटेवर उभं केलेलं नाही आणि अर्ज त्याच वाटेवरची पावती मागतो. आणि नवरा सुरतेला गेला तो परत आलाच नाही, अशी जी बाई, तिने कुठला कागद आणावा? तो मेलेला नाही, त्याने सोडलेलंही नाही, फक्त तो नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात याच्या उलट खोड होती. एकट्या आईच्या घरी एखाद्या पुरुषाचं येणंजाणं दिसलं तर मुलांची मदत बंद. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तो नियम मोडीत काढला. तिकडे पुरुष सापडला तर पैसे बंद, इकडे सापडला नाही तर.

(आता थोडं तापीवरच्या बॅरेजबद्दल, माझा नेहमीचा विषय. वाचक ओळखून आहेतच. तापीत पाणी अडवलं, फुगवटा घाटापर्यंत आला, पण ते उचलणाऱ्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. त्या चालल्या असत्या तर सुरतेला जाणाऱ्या पोरांतली निम्मी इथेच राहिली असती आणि परित्यक्तांची यादीही आखूड झाली असती. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही. पण मला हे पटलेलं आहे.)

लेकरू मोजणारी एक योजना आहे, हे मान्य करायला हवं. बालसंगोपन. आई किंवा बाप यांतलं एक नसेल तर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, २०२३ पासून सावित्रीबाईंच्या नावाने. बायको वारलेल्या गरीब बापालाही ती लागू, जो निव्वळ विधुर म्हणून निराधार योजनेत बसत नाही. रक्कम बरी, विचार बरा. फक्त त्यासाठी नंदुरबारला जा, गृहचौकशी होऊ द्या, बाल कल्याण समितीपुढे पोराला उभं करा, आदेश मिळवा आणि मग हप्त्याची वाट बघा. ज्या बाईचा एक दिवस बुडाला की घर उपाशी, तिच्यासाठी ही योजना किती दिवसांच्या मजुरीला पडते, ते कुणी मोजत नाही.

आमच्या प्रकाशा गावाला दक्षिण काशी म्हणतात. खान्देशातून, गुजरातमधून, मध्य प्रदेशातून लोक दहावं करायला, अस्थी सोडायला संगमावर येतात. कोणत्या दिवशी काय, हे ठरलेलं. गुरुजी, न्हावी, पिंड, दर्भ, कुणाला निरोप द्यावा लागत नाही. घरातला पुरुष गेल्यावर दहाव्या दिवशी काय करायचं हे कावळ्यालाही माहीत असतं, तहसीलला वर्षभर कळत नाही. कमावता माणूस गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला एकरकमी वीस हजार देणारी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे. निराधार आहे, बालसंगोपन आहे. तिन्हींना मृत्यूचा दाखला लागतो आणि तो दाखला ग्रामपंचायतच देते. मग दाखल्यावर शिक्का मारणाऱ्यानेच त्याच टेबलावर तिन्ही अर्ज भरून पुढे का पाठवू नयेत? बाईने तीन कचेऱ्या का हिंडाव्यात?

होत नाही, असं सांगू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये याच राज्याने करोनाने विधवा झालेल्या बायांसाठी तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या आणि योजना घरापर्यंत न्यायला सांगितलं. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीने त्यासाठी राज्यभर पाठपुरावा केला होता. साथ सरली आणि समित्याही थंडावल्या. करोनाने मेलेल्याची विधवा वेगळी आणि दारूने, सर्पदंशाने, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रकखाली मेलेल्याची वेगळी, असं काही असतं का?

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. अजेंड्यावर घाटाचं सुशोभीकरण आणि येणारा सिंहस्थ असेलच. त्यात एक ठराव घाला: निराधारची एकवीस हजारांची मर्यादा लाडकी बहीणएवढी अडीच लाख करावी, प्रत्येक मुलामागे वेगळी रक्कम पुन्हा सुरू करावी आणि पंचांचा काडीमोडीचा कागद ग्रामसभेच्या शिक्क्यासह ग्राह्य धरावा. आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यातल्या गावांनी तर हे आधीच करायला हवं होतं. बागायतदारांनाही मी बोलावलंय. ते येतो म्हणाले, पण वेचणी उरकली तर. मी म्हटलं, मजुरी वाढवा, उरकेल. त्यांनी फोन ठेवला.

— गोमाईकर