उंच, दणकट बायका आणि आकर्षण: इलोना माहरमुळे नेमकं काय बदललं?

जुलै 2024. पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर अमेरिकेची रग्बीपटू इलोना माहर हिच्या व्हीडिओखाली कुणीतरी लिहिलं, 'हिचा बीएमआय 30 असणार.' हेतू अर्थातच लठ्ठ म्हणून हिणवण्याचा होता. इलोनाने टिकटॉकवर उत्तर दिलं. आकडा जवळपास बरोबर आहे, पण वजनातला मोठा वाटा स्नायूंचा आहे, असं तिने सांगितलं. वर, ऑलिम्पिकला मी चाललेय, तुम्ही नाही, हेही ऐकवलं. उत्तर जगभर व्हायरल झालं.

बीएमआयची अडचण काय?

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढंच हे गणित. त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. त्यामुळे पाच फूट दहा इंच उंचीची ही खेळाडू कागदावर 'ओव्हरवेट' ठरते.

मग बदललं काय?

अमेरिकेच्या संघाने पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर इलोना 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड स्विमसूट'च्या डिजिटल मुखपृष्ठावर झळकली आणि 'डान्सिंग विथ द स्टार्स'मध्ये दुसरी आली. तिथे तिने आपल्या पुरुष जोडीदाराला उचललंही.

दहा वर्षांपूर्वीचं चित्र वेगळं होतं. 2014 मध्ये रशियन टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी सेरेना आणि व्हीनस यांचा उल्लेख 'विल्यम्स ब्रदर्स' असा केला. त्यांना 25 हजार डॉलर दंड आणि वर्षभराची बंदी झाली, पण तसे टोमणे थांबले नाहीत.

फरक पडला तो मुख्यतः माध्यमामुळे. कुठलं शरीर सुंदर, हे पूर्वी संपादक आणि जाहिरात कंपन्या ठरवायच्या. आता खेळाडू स्वतःच मोबाईल हातात घेऊन बोलतात. वजन उचलणाऱ्या मुली जिममध्ये आणि फीडमध्ये रोज दिसू लागल्या, की डोळ्यांनाही सवय होते. अशी शरीरं आवडणारे लोक पूर्वीही होतेच. आता ते उघडपणे बोलतात.

मान्यता, पण अटींसह

इलोना लाल लिपस्टिक लावून मैदानात उतरते. ताकद आणि बाईपण एकत्र नांदू शकतं, असं ती सांगते. पण जिचा चेहरा, केस, पेहराव 'बायकी' साच्यात बसत नाही, तिला हीच दाद मिळते का? बऱ्याचदा तिच्या बाई असण्यावरच शंका घेतली जाते. दुसरा धोका उलटा आहे: कौतुक फक्त दंडांचं आणि मांड्यांचं होतं, माणूस बाजूलाच राहतो.

आपल्याकडेही हा पेच आहे. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली तेव्हा कौतुकाचा वर्षाव झाला. पण स्थळ बघताना मुलगी 'सडपातळ' हवी आणि मुलापेक्षा उंच नको, ही अपेक्षा अजून गेलेली नाही. जास्त व्यायाम करू नकोस, पुरुषी दिसशील, हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं.

याची किंमत मुली मोजतात. कुणी पोक काढून चालतं, कुणी खेळ सोडतं. त्यामुळे बदल मोजायचा तर लाईक्सवर मोजून चालणार नाही. उंच, दणकट मुलगी कुणाला आवडो वा न आवडो, तिला मैदानात टिकून राहता येतं का, हे बघायला हवं.