तळाचा शिक्का पुरेसा नाही

दर जानेवारीत फ्रँकफुर्टला 'हाइमटेक्स्टिल' ही घरगुती कापडाची मोठी व्यापारी जत्रा भरते. आपल्या धंद्यातले लोक तिथे जातात. परतताना एखाद्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली जुनी पोर्सिलेनची पुतळी असते: रॅकेट उगारलेली टेनिसपटू, घोडेस्वार, स्कीवर घसरणारी मुलगी. शौक महागडा आहे आणि त्यात फसगतही पुष्कळ आहे, म्हणून व्यापाऱ्याच्या नजरेने चार शब्द.

तळाशी शिक्का दिसला की गिऱ्हाईक खूश होते. मायसेनचा कारखाना १७१० चा, सॅक्सनीच्या ऑगस्टसने काढलेला. त्याच्या दोन निळ्या तलवारींचा छाप १७२० च्या दशकापासून चालत आला आहे आणि त्याची नक्कलही फार जुनी आहे. ठाणावर नामांकित मिलचा छाप मारून हलके कापड खपवणारे आपण पाहिलेलेच आहेत, तिथेही तेच.

शिक्क्यावरून काळ मात्र कळतो. १८८७ साली ब्रिटनने कायदा करून, स्वदेशी मालाशी घोळ होईल अशा परदेशी मालावर मूळ देशाचे नाव लिहायला लावले. हेतू जर्मन माल हलका ठरवण्याचा होता. झाले उलटे, 'मेड इन जर्मनी' हीच भरवशाची खूण बनली! अमेरिकेने देशाचे नाव १८९१ पासून सक्तीचे केले. तेव्हा 'जर्मनी' असे लिहिलेली पुतळी कोणी १८५० ची म्हणून विकू लागला तर तिथून उठावे. 'वेस्ट जर्मनी' असेल तर ती १९४९ नंतरची.

आमच्या मते खरी परीक्षा फूटपट्टीची. ग्रे कापड प्रोसेसमध्ये आटते, तशी पोर्सिलेनची माती भट्टीत आटते, सुमारे सहावा हिस्सा. नक्कल करणारा अस्सल पुतळीवरूनच साचा काढतो, आणि त्या साच्यातली पुतळी भाजल्यावर लहान होते. मूळ २४ सेंटीमीटरची असेल तर नक्कल २० च्या आसपास भरते. कारखान्याच्या यादीतली उंची आधी टिपून न्यावी.

दुसरे, मायसेनमध्ये दोष असलेल्या मालाच्या तलवारींवर चाकाने आडव्या रेघा ओढतात. म्हणजे आपल्याकडचा सेकंडचा माल. तो घेऊ नये असे नाही, पण सेकंडच्याच भावाने घ्यावा.

खेळाडूंच्या पुतळ्या दुर्मिळ का, याचे कारणही साधे आहे. पसरलेला हात, बारीक मनगट, स्कीच्या काठ्या वेगळ्या घडवून पातळ मातीने जोडतात, आणि झाडपुसीत पहिल्यांदा तेच मोडते. त्यामुळे बाजारात येणाऱ्या पुष्कळ पुतळ्यांची बोटे नवी असतात. अतिनील दिव्याखाली दुरुस्तीचा रंग बहुधा वेगळा चमकतो. बिलात कारखाना, साचा क्रमांक, उंची आणि दुरुस्ती लिहून घ्यावी. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शंभर वर्षांवरची वस्तूच 'अँटिक' ठरते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सालातली पुतळी २०३६ पर्यंत त्यात बसत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

त्या सालांचा माल हातात घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. बव्हेरियातल्या झेल्ब गावाच्या रोझेंथालने त्या काळात नावाजलेल्या पुतळ्या काढल्या. पण १८७९ साली धंदा उभा करणारे फिलिप रोझेंथाल ज्यू वंशाचे. नाझी राजवटीत त्यांना आपल्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले आणि १९३७ साली ते वारले. त्याच दशकात म्युनिकजवळच्या आलाखमध्ये हिमलरच्या एस.एस. संघटनेने स्वतःचा पोर्सिलेनचा कारखाना चालवला. तिथल्या तलवारबाजाच्या पुतळीला आज संग्राहकांत मोठी मागणी आहे, आणि तिच्या नकलाही निघाल्या आहेत. काम सफाईचे आहे, हे नाकारता येत नाही. पण कारखान्याचे बरेचसे उत्पादन दाखाऊच्या छळछावणीशेजारी हलवले होते आणि तिथे कैद्यांना राबवले गेले.

काही व्यापारी म्हणतात, माल तो माल, जुना हिशेब कशाला? आम्हाला हे पटत नाही. चोरीचे सूत स्वस्त मिळाले तरी आपण ते गोदामात घेत नाही. आलाखची पुतळी आमच्याकडे विकायला आली तर आम्ही घेणार नाही, कितीही नफा दिसो. ती संग्रहालयाने ठेवावी, खाली दाखाऊचे नाव लिहून.