स्टेपनी कुठे आहे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. अम्मींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरच्या दवाखान्यात सकाळी नऊची वेळ मिळाली होती. फजर पढून आम्ही अकलूजहून निघालो. गाडी धाकट्या भावाची, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, सेकंड हँड, २०१६ ची. टेंभुर्णीला हायवेला लागलो आणि मोहोळच्या अलीकडे मागचे चाक बसले. भावाने डिकी उघडली. आत सीएनजीची टाकी, अम्मींची पिशवी, जॅक आणि पाना. चाक तेवढे नव्हते!

"आपा, विकणाऱ्याने सांगितलं होतं, आता कायद्यानं स्टेपनी लागत नाही," भाऊ मान खाली घालून म्हणाला.

एका टेम्पोवाल्या दादांनी चाक मोहोळला नेले, पंक्चर काढून परत आणून दिले, आणि चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. पण त्यात साडेदहा वाजले. अम्मी उपाशीपोटी कडुलिंबाखाली बसून होत्या. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेले.

घरी आल्यावर त्या विकणाऱ्याच्या बोलण्यात किती तथ्य आहे ते आम्ही पाहिले. निम्मे होते, आणि निम्मे खरे असलेले बोलणेच माणसाला जास्त फसवते. २०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. चालकासह नऊ माणसांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीतून सूट मिळाली. मात्र त्यासाठी टायर ट्यूबलेस हवेत, कंपनीने पंक्चर दुरुस्तीचे किट दिलेले हवे, आणि हवा कमी झाली की चालकाला इशारा देणारी यंत्रणा गाडीत हवी. तिन्ही गोष्टी असतील तरच सूट. विजेच्या गाडीच्या बॅटरीला जागा मिळावी, हेही त्यामागचे एक कारण होते.

आमच्या भावाच्या गाडीत टायर ट्यूबलेस आहेत. किट नाही, इशारा देणारा दिवा नाही. कंपनीने ती स्टेपनीसह विकली होती; आधीच्या मालकाने टाकी बसवताना चाक काढून ठेवले. म्हणजे ही सूट तिला लागूच नाही. जुन्या गाडीतली स्टेपनी आपल्या सोयीने काढायची आणि नव्या नियमाचे नाव सांगायचे, हे चालत नाही. टॅक्सीवाल्यांतही टाकीपायी स्टेपनी घरी ठेवणारे पुष्कळ आहेत. लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी ठरवताना दराआधी डिकी बघावी, असे आम्हाला आता वाटते.

आमच्या शाळेतल्या एका सरांची नवी गाडी मात्र नियमात बसते. त्यांच्याकडे किट आहे: हवा भरायचा छोटा पंप आणि टायरमध्ये सोडायचे पातळ औषध. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला तर ते भोक बुजते आणि दुकानापर्यंत जाता येते. पण टायर बाजूने फाटला तर त्याचा उपयोग नाही. गळितात आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे रस्त्यावर काय काय पडलेले असते ते वाचकांना सांगायला नको. शिवाय त्या औषधाला मुदत असते. सरांनी बाटलीवरची तारीख आमच्यासमोर पहिल्यांदा वाचली!

'स्टेपनी' शब्दाची गंमत अशी की तो रस्त्याचे नाव आहे. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी मोटारीचे जादा चाक बनवले. त्यांचे काम स्टेपनी स्ट्रीटवर चाले. इंग्रज 'स्पेअर व्हील' म्हणू लागले, आपण मात्र त्या गल्लीचे नाव धरून बसलो आहोत.

असलेली स्टेपनीही बघायला हवी. वर्षानुवर्षे पडून तिची हवा जाते, रबर कडक होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कारचा टायर नियमानेच बाद. काही गाड्यांत स्टेपनी बारीक असते. तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती पंक्चरच्या दुकानापर्यंतच.

आणि चाक बदलता यायला हवे. त्या सकाळी स्टेपनी असती तरी गाडीतल्या आम्हा तिघांपैकी कुणी कधी नट सैल केला नव्हता. मागच्या रविवारी अंगणात भावाने, भाभीने आणि आम्ही आळीपाळीने करून पाहिले. नट आधी थोडे सैल करायचे, मग गाडी उचलायची. उलटे केले तर चाकच फिरते. भाभीने पाना पायाने दाबला आणि नट सुटला, भावाचा हात तोवर दुखायला लागला होता.

जुने चाक एक भावाने मिळवले आहे. टाकीमुळे ते डिकीत आडवे मावत नाही, उभे ठेवावे लागते. परवा पुन्हा सोलापूरला निघालो तेव्हा अम्मींची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.