गृह-आरोग्य : पहिले तीन महिने आणि झाडपाल्याचें औषध

गेल्या महिन्यांत उमरखेडहून एका वाचक-भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या धाकट्या सूनबाईंची पाळी चुकून बारा दिवस झाले आहेत. थोरले चिरंजीव सिंगापूरला नोकरीस असतात. त्यांनीं सुटीवर येतांना तेथील चिनी औषधांच्या दुकानांतून ‘गर्भ स्थिर राहावा’ म्हणून वनस्पतींची एक पुडी आणली. घरांत गर्भपाल रसाची डबी आहेच. ती थोरल्या सुनेच्या वेळीं आणलेली. बाईंचा प्रश्न एवढाच, कीं दोहोंपैकीं कोणतें द्यावें? ‘दोन्ही झाडपाल्याचींच, तेव्हां अपाय तर नाहींच,’ असें त्यांनीं शेवटीं जोडलें आहे.

उत्तर आधीं देतों : कोणतेंच देऊं नये. आतां कारणें सांगतों; नुसती मनाई चार माणसांच्या घरांत टिकत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

पत्रांतील बारा दिवसांचा आकडा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. मेंदू व पाठीचा कणा ज्या नलिकेपासून घडतात, ती नलिका गर्भ राहिल्यापासून सुमारें 28 दिवसांत मिटून पुरी होते. म्हणजे पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात तोंच. हृदय, हातपाय, डोळे यांची घडणही त्याच सुमारास चाललेली असते. घरांत पेढे वांटले जाण्यापूर्वींच हें नाजूक काम बरेंचसें उरकलेलें असतें. त्यामुळें न कळत घेतलेल्या औषधाचाच धोका अधिक. पाळी लांबली म्हणून पुष्कळ घरीं रजःप्रवर्तनी वटी देतात. तींत कोरफडीचा एळिया, हिंग, टाकणखार व हिराकस असतात. पाळी आणणें हेंच तिचें काम. विवाहित मुलीस ती देण्यापूर्वीं लघवीची तपासणी करावी, एवढें भान वडील बायकांनीं ठेवलेंच पाहिजे.

चिनी औषधें आपणांस वाटतात तितकीं परकीं नाहींत. रेवाचिनी, चोपचिनी हीं नांवेंच त्यांचें मूळ सांगतात. गोव्यांत 1563 सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथांत चोपचिनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण चिनी वैद्यही गर्भिणीस सर्व कांहीं देत नाहींत. त्यांच्या औषधिकोशांत हिंगूळ व कस्तुरी तिला वर्ज्य, आणि रेवाचिनी, हिराबोळ व करडईचीं फुलें फार जपून, असें सांगितलें आहे. करडई तर आपल्या वऱ्हाड-मराठवाड्याच्या शेतांतली!

शिवाय गर्भ शांत ठेवण्यासाठीं म्हणूनच दिला जाणारा ‘आन-थाइ-यिन’ नांवाचा एक चिनी काढा आहे. तैवानांत 1984 ते 1987 या काळांतील सुमारें साडेचौदा हजार जन्मांची माहिती तपासून 2006 सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत हा काढा घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत डोळ्यांचीं व स्नायु-अस्थींचीं व्यंगें अधिक आढळलीं. ‘ह्वांग-ल्येन’ नांवाची मुळी घेतलेल्यांत मज्जासंस्थेचीं. त्या मुळींतील पिवळें कडू द्रव्य आपल्या दारुहळदींतही असतें. एवढ्यावरून काढ्यानेंच व्यंग झालें असें सिद्ध होत नाहीं, हें खरें. परंतु ‘अपाय नाहींच’ असें म्हणण्याचा आधार त्यामुळें उरत नाहीं, आणि पुडींत नेमकें काय आहे हें तर उमरखेडांत कोणासच वाचतां येणार नाहीं.

आतां घरची डबी. चिनी वैद्यांनीं गर्भिणीस वर्ज्य ठरविलेला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचें खनिज, तोच आमच्या गर्भपाल रसाचें एक मुख्य द्रव्य. जोडीस नागभस्म, म्हणजे शिसें. नांवांत ‘गर्भपाल’ असलें तरी हें झाडपाल्याचें औषध नव्हेच. न्यूयॉर्क शहरांत 2011-12 मध्यें भारतांत तयार झालेलीं औषधें घेणाऱ्या सहा गर्भवती स्त्रियांस शिशाची बाधा झाल्याचें आढळलें. शोधन-मारणानें धातु निर्विष होतो, असें वैद्यमंडळी सांगतात. त्यांच्या विद्येविषयीं आम्हांस आदर आहे. पण आईच्या रक्तांतील शिसें वारेंतून गर्भापर्यंत पोहोंचतें, आणि त्याची निर्धोक अशी मात्रा ठरलेली नाहीं.

आणि शास्त्राचाच आधार हवा असेल तर चरकसंहितेचें शारीरस्थान पाहावें. गर्भ राहिल्याची शंका येतांच पहिल्या महिन्यांत कांहींही न घातलेलें साधें दूध द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. कांठोकांठ तेलानें भरलेलें भांडें न हिंदकळतां न्यावें, तसें गर्भिणीस सांभाळावें, हा दाखलाही तेथलाच. ज्या घरीं सकाळीं सासूबाईंचा काढा, दुपारीं आत्याबाईंची मुळी आणि रात्रीं थोरल्या दिरांची पुडी, तेथें हें भांडें स्थिर राहणार कसें?

सूनबाईंस द्यावयाचें तें एवढेंच : फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज, ती आरोग्य-केंद्रांतही मिळते, खरें पाहतां गर्भ राहण्यापूर्वींपासूनच ती सुरू असावी. मळमळीस आल्याचा लहान तुकडा चालेल. वरणांतली हळद, फोडणींतला हिंग, मसालेभातांतली दालचिनी यांची धास्ती नको. स्वयंपाकांतली चिमूट निराळी आणि वाटीभर काढा निराळा. अडुळसा, एळिया, चित्रक हीं मात्र दूरच ठेवावींत. अळीव-डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर आहेतच.

रक्त दिसलें किंवा ओटीपोटांत एका बाजूस कळ आली, तर स्तंभक काढा उकळीत बसूं नये. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला असण्याचा संभव असतो आणि त्यांत घटका-दोन घटकांचाही विलंब जिवावर बेतूं शकतो. तडक सरकारी दवाखाना गांठावा. पुढें धाडण्याची वेळ आली, तर उमरखेडाहून यवतमाळपेक्षां नांदेड जवळ पडतें.

या बाईंनीं पत्रांत एक गोष्ट लिहिलेली नाहीं : सूनबाईंनीं यांतलें कांहीं आधींच घेतलें आहे काय? तें त्यांना एकांतांत, न रागावतां विचारावें. नव्या सुना असें आपण होऊन सांगत नाहींत. घेतलें असल्यास घाबरूं नये, गर्भाविषयीं घाईनें कांहीं ठरवूं नये. पुडी व डबी फेकून न देतां दोन्ही तशींच, वेष्टनासह, डॉक्टरांपुढें ठेवावींत; डबींतलें औषध पोटांत गेलें असेल तर रक्तांतील शिसें तपासण्याविषयीं त्यांना स्पष्ट विचारावें.