बाटलीतले मायलेज आणि टाकीतले पाणी

डिझेल भरताना दर वेळी टाकीत ॲडिटिव्हची एक बाटली ओतली की इंजिन वर्षानुवर्षे ठणठणीत राहते, असा समज मोटरहोम बाळगणाऱ्यांमध्ये चांगलाच रुजला आहे. त्यामागची काळजी खरी आहे. या गाडीत माणसाने संसार थाटलेला असतो, बांधणीवर लाखो रुपये घातलेले असतात आणि ती वर्षातले कित्येक महिने नुसती उभी असते. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे हा विषय आता हौशी मंडळींपुरता उरलेला नाही, गाड्या भाड्याने देणाऱ्यांचाही झाला आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: ॲडिटिव्ह हा ठरावीक बिघाडावरचा ठरावीक उपाय आहे. त्याचा रतीब लावणे चूक आहे, आणि तो सरसकट थोतांड म्हणून झटकून टाकणेही तितकेच चूक आहे.

पहिला दावा मायलेजचा. बाटलीमुळे डिझेल 'पूर्ण जळते' आणि म्हणून कमी लागते, असे सांगितले जाते. पण धडधाकट डिझेल इंजिनात गेलेल्या इंधनापैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त इंधन एरवीही जळतेच. ऊर्जा वाया जाते ती रेडिएटर आणि सायलेन्सर यांतून उष्णतेच्या रूपाने, आणि ती उष्णता कोणतेही रसायन परत आणू शकत नाही. सीटेन वाढवणारे द्रव्य, बहुतेक वेळा २-एथिलहेक्सिल नायट्रेट, डिझेलला लवकर पेट घ्यायला लावते. त्यातली ऊर्जा वाढवत नाही. शिवाय आपल्या बीएस-६ डिझेलचा सीटेन अंक मुळातच किमान ५१ असावा लागतो. अमेरिकेत किमान ४० चालतो. तिथल्या गाडीवाल्याला कडाक्याच्या थंडीत सकाळच्या स्टार्टिंगला फरक जाणवू शकेल; तिथली जाहिरात उचलून इथे लावता येत नाही. परदेशी बाटल्यांवर 'ईपीए नोंदणीकृत' असे छापलेले असते, त्यानेही भुलू नये. अमेरिकेची ती पर्यावरण संस्था ॲडिटिव्हची नोंदणी करते, गुणाची हमी देत नाही.

पैशांचा हिशेबही मांडून पाहावा. सत्तर लिटरची टाकी आणि नव्वद रुपये लिटर भाव धरला तर डिझेलचे ६,३०० रुपये होतात. बाटली ६३० रुपयांची असेल, तर डिझेल दहा टक्के कमी लागले तरच पैसे वसूल. ज्याला खरोखर बचत हवी आहे त्याने या उंच, चौकोनी गाडीचा वेग नव्वदवरून पंचाहत्तरवर आणावा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. या गाडीचे बरेच डिझेल तिथेच खर्ची पडते.

दुसरा दावा अधिक विचारात घेण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. "सल्फर काढून टाकले, डिझेल कोरडे झाले, आता पंप झिजणार, म्हणून थोडे टू-टी ऑइल घाला," असा सल्ला जाणकार म्हणवणारेही देतात. कॉमन रेल इंजिनाचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, हे खरे. रिफायनरीत सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत वंगण देणारे घटकही निघून जातात, हेही खरे. पण गोष्ट तिथे संपत नाही. पेट्रोल पंपावर येण्याआधीच त्या डिझेलमध्ये वंगण सुधारणारे द्रव्य मिसळलेले असते, आणि प्रयोगशाळेतल्या घर्षण चाचणीत पडणारा ओरखडा ४६० मायक्रॉनच्या आत असावा, असे आपले मानकच सांगते. म्हणजे उणीव आधीच भरून काढलेली आहे. टू-टी ऑइल बनवलेले असते दुचाकीच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी. त्यात धातूंची संयुगे असतील तर त्यांची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीत, साचते. काजळी सुमारे सहाशे अंशांवर जळून जाते; राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. रॉकेल घालणे तर याहून घातक. त्यात वंगण कमी आणि सल्फर जास्त, म्हणजे पंप आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिस्ट दोघांनाही मार.

"पण मला फरक जाणवला ना!" यावर वाद घालता येत नाही, कारण त्याच दिवशी फिल्टर बदललेला असतो, हवा भरलेली असते, रस्ताही चांगला असतो.

आता मोटरहोमच्या खऱ्या दुखण्याकडे वळू. ते आहे पाणी. जूनमध्ये अर्ध्या टाकीवर उभी केलेली गाडी सप्टेंबरपर्यंत दमट हवा आत घेत राहते. टाकीच्या आतल्या बाजूला दव धरते, पाणी तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांचे खाद्य डिझेलच. फिल्टरचा ड्रेन उघडून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे आणि अर्धा तास हलवू नये. खाली पाणी, वर डिझेल आणि मधल्या रेषेवर कोळ्याच्या जाळ्यासारखा तपकिरी पापुद्रा दिसला, तर निदान झाले. अशा टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यातून काही ॲडिटिव्ह पाण्याचे बारीक थेंब करून ते डिझेलमध्ये मिसळतात. असे पाणी वॉटर सेपरेटरमध्ये अडत नाही. थेट इंजेक्टरपर्यंत जाते आणि तिथल्या दाबाखाली, उष्णतेत नोझलचे टोक फोडू शकते.

इथे योग्य ॲडिटिव्ह आहे ते बायोसाइड, म्हणजे बुरशी मारणारे औषध. मात्र आधी पाणी काढायचे, मग सांगितलेल्या मात्रेत औषध घालायचे आणि दोन फिल्टर हाताशी ठेवायचे, कारण मेलेला गाळ फिल्टरमध्येच येतो. पापुद्रा नसेल तर पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरणे पुरेसे.

"सगळी ॲडिटिव्ह म्हणजे लूट" असे म्हणणाऱ्यांनी लडाखकडे पाहावे. नेहमीच्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करते. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार झाले. हिवाळ्यात मैदानी भागातले डिझेल घेऊन स्पितीत चढणाऱ्या मोटरहोमवाल्याने अँटी-जेल जरूर वापरावे. पण ते खाली, डिझेल अजून पातळ असताना टाकीत जायला हवे. ते मेणाच्या स्फटिकांचा आकार बदलते, झालेले मेण वितळवत नाही. वर पोचून गाडी अडल्यावर बाटली उघडण्यात अर्थ नाही. तसेच इंजेक्टरवर खरोखर थर बसला असेल, तर चांगला डिटर्जंट तो काढतो; झिजलेले नोझल मात्र भरून देत नाही.

म्हणून विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. हे द्रव्य पाणी वेगळे करते की मिसळते, राख सोडते की नाही, डीपीएफच्या गाडीला चालते की नाही आणि लिटरमागे मात्रा किती, या चार गोष्टी बाटलीवर मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत छापा. ज्या बाटलीवर हे नाही ती मोटरहोमवाल्याने विकत घेऊ नये, आणि घेण्यापूर्वी गाडीच्या मॅन्युअलमधले इंधनाचे पान वाचावे. बऱ्याच कंपन्या स्वतः मान्य न केलेल्या ॲडिटिव्हला तिथेच मनाई करतात.